हात कुणाचा

रविवारची जेवणं उरकली तरी टेबलावरून कुणी उठेना, तेव्हाच आबांनी ओळखलं की आज काहीतरी आपल्या अंगावर शेकणार आहे. एरवी ही मंडळी हात धुतले की आपापल्या मोबाइलच्या बिळात शिरायची. आज थोरला खुर्चीला खिळल्यासारखा बसला होता, धाकटा ताटलीतल्या बिया एका ओळीत मांडत होता आणि थोरली सून चक्क आबांसाठी सफरचंदाच्या फोडी करत होती. त्याही कागदासारख्या पातळ.

"एवढ्या बारीक कशाला? दात आहेत मला अजून," आबा म्हणाले.

"तुझे कुठले? ते तुझ्याच कारखान्यातले," कोपऱ्यातून आक्का बोलली.

आक्का म्हणजे आबांची थोरली बहीण. वय त्र्याऐंशी, तोंडात दात एकही नाही, पण जिभेला हाड नसलं की दातांची गरज पडत नाही हे तिच्याकडे बघून पटावं. अठ्ठेचाळीस वर्षं कवळ्या करणाऱ्याची सख्खी बहीण बोळकं तोंड घेऊन गावभर हिंडते, याची आबांना एके काळी लाज वाटायची. मग लाजही म्हातारी झाली.

आबांचा कारखाना याच घराच्या तळमजल्यावर होता. कारखाना म्हणजे एक लांबट खोली, प्लास्टरची पोती, पॉलिशचं चाक, आणि खिडकीपाशी मेण वितळवायचा छोटा बर्नर. डॉक्टर लोक पेशंटच्या तोंडाचं माप पाठवायचे आणि त्या मापावर इथे कवळी बसायची. गावातली निम्मी हसणारी तोंडं आपल्या टेबलावरून गेलीत, असं आबा सांगत. ते खरंही होतं. त्यामुळे समोरचा हसला की इतरांना माणूस दिसायचा, आबांना मात्र माप दिसायचं. कोण रात्री दात खातो, कोण विडी ओढत नाही म्हणून शपथ घेतो आणि ओढतो, सगळं त्यांना ठाऊक. माणसांबद्दल चांगलं मत व्हावं असा हा धंदाच नव्हता.

घरच्यांबद्दल तर विचारूच नये. थोरला दातांचा डॉक्टर. 'दात काढायला पाच वर्षं शिकला,' आबा म्हणत, 'बसवायची वेळ आली की धाव बापाकडे.' धाकटा विमा कंपनीत, आणि स्वभावानेही विमाच. जिकडे धोका कमी, तिकडे हा. गच्ची कुणाची यावरून भांडण झाल्यापासून दोन वर्षं या दोघा भावांनी एकमेकांचं तोंड पाहिलं नव्हतं. आज मात्र खांद्याला खांदा लावून बसले होते. भाऊ भांडले की बापाला वाईट वाटतं म्हणतात. आबांना ते असे अचानक एक झाले की जास्त भीती वाटे.

"आबा, तळमजल्याबद्दल बोलायचं होतं," थोरल्याने एकदाची तोंडाची गाठ सोडली.

"बोल. माझं जेवण झालंय. आता पचलं नाही तरी चालेल."

थोरला बोलू लागला. आता हातकामाचे दिवस गेले. कॉम्प्युटर तोंडाचा फोटो काढतो आणि मशीन दात कोरून देतं. तळमजला मोकळा केला तर तिथे अशी अद्ययावत लॅब उभी राहील. पुढच्या खोलीत आबांची मोठी तसबीर लागेल. शेजारी पडद्यावर त्यांचे अनुभवाचे बोल चालतील. येणाऱ्या पेशंटला कळलं पाहिजे की या घरात अर्धशतकाची परंपरा आहे.

"म्हणजे मला भिंतीला लावायचं ठरलंय तर," आबा म्हणाले. "अजून जिवंत आहे, एवढीच काय ती अडचण."

"तसं नाही हो आबा," सून म्हणाली. "तुमचं मार्गदर्शन हवंच आहे."

"मी तर म्हणतो, दादाचा विचार योग्य आहे," धाकटा बियांची ओळ सरळ करत म्हणाला. यावरून आबांनी ताडलं की गच्ची धाकट्याला मिळणार.

"आणि बेबी?" आक्काने विचारलं.

स्वयंपाकघरात नळ चालू होता. आबांची मुलगी बेबी भांडी विसळत होती. बेबी सत्तेचाळीस वर्षांची होती, पण तिला दुसरं नाव असल्याचं घरातले विसरून गेले होते. लग्न करून गेली आणि सव्वा वर्षात परत आली. आल्यावर दुसऱ्या दिवशी खाली जाऊन प्लास्टर कालवायला बसली, ती आजतागायत.

"बेबीचा विचार केलाय ना," सून पटकन म्हणाली. "ती रिसेप्शनला बसेल. तिला माणसांशी बोलायला आवडतं."

"कधीपासून?" आक्का म्हणाली.

सगळे आबांकडे बघू लागले. बोलायची वेळ हीच होती, आणि बोलायचं काय हेही आबांना माहीत होतं. पण तीस वर्षांची सवय जिभेवर आधीच येऊन बसली होती.

"तिचं काय," आबा म्हणाले, "ती कुठेही बसेल."

आत नळ बंद झाला. भांड्यांचा आवाज थांबला. मग बेबी पदराला हात पुसत बाहेर आली, आबांसमोरची फोडींची ताटली उचलून आक्कासमोर ठेवली आणि म्हणाली, "आत्या, चोखून खा. मऊ आहेत." बस्स, एवढंच.

चहा झाल्यावर सगळे खाली उतरले. सुनेला आबांचे बोल आजच मोबाइलवर टिपायचे होते. लॅबच्या उद्घाटनाला हाताशी असलेले बरे, असं ती म्हणाली. 'हाताशी असलेले' म्हणजे आबा तोवर नसले तर, हे तिने बोलून दाखवलं नाही. एवढी रीत तिला होती. आबांना खिडकीपाशी त्यांच्या उंच स्टुलावर बसवलं. आक्काला दारात खुर्ची दिली, मुलांनीही खुर्च्या ओढून घेतल्या. बेबी पलीकडे पाठ करून उद्याचं काम आवरत होती.

"आबा, आयुष्याने तुम्हाला काय शिकवलं?" सुनेने मोबाइल रोखून विचारलं.

"आयुष्य शिकवत नाही. नुसती परीक्षा घेतं. पेपर कळतो तोवर घंटा झालेली असते."

"छान. आणि कुटुंबाबद्दल काय सांगाल?"

"कुटुंब म्हणजे कवळी," आबा म्हणाले. "बाहेरून सगळे दात सारखे, शुभ्र. एकाला धक्का लागला की सगळी उचलते. आणि काढून ठेवल्याशिवाय झोप लागत नाही."

दारात आक्का खुदखुदली. थोरल्याने कपाळाला हात लावला. "हे नको. आबा, जरा प्रेरणा मिळेल असं काहीतरी."

"कुणाला?"

"तरुण पिढीला."

"तरुण पिढीला सांगा, दात घासा."

"आबा!"

"बरं, बरं." आबा सावरून बसले. सोंग काढायचं ठरलं की ते मागे हटणारे नव्हते, आणि स्वतःबद्दल बोलायचं म्हटलं की त्यांचा आवाजच बदलायचा. "हे काम म्हणजे हाताचं काम. हिरडी कुठे मऊ आहे, ओठ कुठे ओढतो, ते बोटांना कळतं. मशीनला काय कळणार, कपाळ? माणूस कवळी घालतो आणि आरशात बघतो, तेव्हा त्याला त्याचं स्वतःचं तोंड दिसलं पाहिजे, दुसऱ्याचं नाही. अठ्ठेचाळीस वर्षं मी हेच केलं. आजही इथून बाहेर पडणारा प्रत्येक दात माझ्या नजरेखालून जातो."

'नजरेखालून.' हा शब्द त्यांनी अकरा वर्षांपूर्वी हेरून ठेवला होता. फार सोयीचा शब्द. खोटा म्हणावा तर नाही, आणि खरं सांगायचीही गरज नाही.

"आता एक दात बसवून दाखवा," सून म्हणाली. "हाताचा क्लोजअप घेते."

बेबी वळली. "उजेड बरोबर नाही."

"उजेड मस्त आहे."

"नुकतेच जेवलेत ते. वहिनी, सकाळी घ्या."

"दोन मिनिटांचं काम," थोरला म्हणाला. "आबांना काय, डाव्या हातचा मळ."

नाही म्हणायची सोय राहिली नाही. आबांनी मेणाची सुरी उचलली आणि बर्नरच्या ज्योतीवर धरली. समोर मेणाची गुलाबी पट्टी होती, वरचे चार दात बसलेले, पाचव्याची जागा रिकामी. त्यांनी मेण उचललं. सुरीचं टोक हलू लागलं. आधी थोडंसं, मग डासाच्या पंखासारखं. त्यांनी मनगट टेबलावर दाबलं, तर थरथर कोपरापर्यंत चढली. गरम मेणाचा थेंब डाव्या अंगठ्यावर पडला. दात चिमटीतून सुटणार, तेवढ्यात सगळ्यांचे डोळे मोबाइलच्या पडद्यावर असताना टेबलाच्या कडेखालून, आबांच्या पंजाआड, एक हात आला. त्याने आबांचं मनगट खालून तोललं, दोन बोटांनी दात पकडला, जागेवर टेकवला, अंगठ्याने एक हलका दाब दिला आणि नाहीसा झाला. दीड सेकंद लागला असेल. सुनेच्या मोबाइलमध्ये आबांचा पंजा आणि चपखल बसलेला दात, एवढंच आलं.

"वा!" सून म्हणाली. "काय स्थिर हात आहे या वयात!"

"हाच तो हात," थोरला धाकट्याला म्हणाला. "म्हणून तर तसबीर लावायची म्हणतोय."

आबा टेबलाच्या कडेकडे बघत राहिले. मोबाइलची नजर कुठवर पोचते हे बेबीने न बघता ओळखलं होतं. त्या रेषेपलीकडे तिचं एक बोटही गेलं नव्हतं. असं लपायला माणूस एका दिवसात शिकत नाही. दाराची कडी वाजली की बापाचं स्टूल सोडून पोत्यावर बसायचं, डॉक्टर आत आले की सुरी बापाच्या हातात सरकवायची, शाबासकी मिळत असताना केर काढत राहायचं. अकरा वर्षं तिने हे केलं होतं आणि आपण ते करू दिलं होतं. आयुष्यभर आबांनी लोकांचे खायचे आणि दाखवायचे दात वेगळे ओळखले. सगळ्यांत मोठी जोडी आपल्याच तोंडात होती, हे मात्र त्यांनी कुणाला मोजू दिलं नव्हतं.

"हात माझा नव्हता," आबा म्हणाले.

"काय?"

"बेबीचा होता. आत्ताचा, आणि अकरा वर्षांचाही."

सुनेने मोबाइल खाली घेतला, पण बंद करायचं तिला सुचलं नाही.

"तुझ्या आईला जाऊन वर्ष झालं होतं," आबा थोरल्याला म्हणाले. "एक अख्खी कवळी माझ्या हातून फरशीवर पडली. दुसरी करायला घेतली, तीही पडली. पोत्यांमागे जाऊन बसलो. बेबीने तुकडे गोळा केले आणि रात्रीतून नवीन करून ठेवली. सकाळी तू नेलीस. पेशंट खूश झाला म्हणून मला फोन केलास. मी म्हणालो, 'होणारच.' तिथून जी सवय लागली ती लागली."

थोरल्याचा चेहरा उतरला. "म्हणजे मी अकरा वर्षं पेशंटना सांगतोय, आबांच्या हातची कवळी, आबांच्या हातची कवळी..."

"किती परत आल्या?"

"अं?"

"अकरा वर्षांत किती परत आल्या? डॉक्टर आहेस, आठव."

थोरल्याने आठवलं. "दोन."

"त्या दोन माझ्या," आबा म्हणाले. "हट्टाने केल्या होत्या."

आक्का दारातून म्हणाली, "मला माहीत होतं."

"तुला कसं?"

"अकरा वर्षांपूर्वी तुझ्या कवळ्या अचानक सुधारल्या. साठी उलटल्यावर पुरुष सुधारत नाही रे."

धाकट्याने वारा कुठून वाहतोय ते पाहिलं आणि खुर्ची बेबीच्या दिशेने वीतभर सरकवली. "मी तर पहिल्यापासून म्हणतोय, बेबीला डावलून काही करू नका."

"कधी म्हणालास?" थोरला खेकसला.

"मनात म्हणालो. घरात शांतता राहावी म्हणून."

"शांतता? गच्चीसाठी सकाळपासून माझ्या मागे मागे फिरत होतास तू!"

"आणि तू गच्ची देऊन माझं मत घेत होतास!"

दोन वर्षांच्या अबोल्यानंतर झालेला समेट दुपारचे चार वाजायच्या आत संपला. सून मध्ये पडली. "भांडू नका. यातून मार्ग निघेल. उलट चांगलंच झालं की. बेबीताई, तुम्ही लॅबच्या हेड व्हा. मशीन असलं तरी शेवटचा हात लागतोच. नाही का हो?"

"लागतोच," थोरला घाईने म्हणाला. "बेबी, तूच बघ सगळं. तुझी वेगळी केबिन करू."

"घ्या," आक्का म्हणाली, "रिसेप्शनवरून केबिनमध्ये. चहाचा कप विसळायच्या आत बढती."

आता सगळे बेबीकडे वळले. आबाही वळले. त्यांच्या मनात एक गोड अपेक्षा होती, आणि तिची त्यांना स्वतःलाच किळस आली. म्हाताऱ्याने खरं सांगितलं, आता मुलगी डोळ्यांना पदर लावेल, बाप मोठ्या मनाचा ठरेल. म्हणजे श्रेय परत आपल्याच पदरात.

बेबीने बर्नर बंद केला. "झालं सगळ्यांचं?"

तिने सुरी पुसून जागेवर ठेवली.

"आबा, आज हात थरथरला नसता तर बोलला असतात?"

आबा अंगठ्यावर गोठलेलं मेण खरवडू लागले.

"मघाशी वर म्हणालात, 'ती कुठेही बसेल.' तेव्हा नव्हता थरथरत."

आबांना वाटलं, कुणीतरी आपल्या तोंडाचं माप घेतंय आणि प्लास्टर घट्ट होईस्तोवर हलायची सोय नाही.

"एक तारखेपासून मी जातेय," बेबी म्हणाली. तिचा आवाज चढला नव्हता. "डेंटल कॉलेजच्या लॅबमध्ये. मुलांना कवळी शिकवायची. तीन आठवडे झाले पत्र येऊन. उशाखाली आहे, बघायचं तर बघा."

"तीन आठवडे?" थोरला उठलाच. "आणि आम्हाला सांगितलं नाहीस? अगं, इथलं काम कोण करणार?"

"मशीन करणार होतं ना?"

"पण कॉलेजला तुझी ओळख कुणी करून दिली?" धाकट्याने विचारलं. विमेवाल्याला नेहमी आतली माहिती हवी असते.

"कुणी नाही. त्यांच्याकडे तीन कवळ्या घेऊन गेले. सरांनी उलटसुलट करून बघितल्या आणि विचारलं, कुणी केल्या. मी म्हणाले, मी. त्यांनी मान्य केलं. अवघड काही नव्हतं."

'तिथे तुला कोण कुत्रं विचारतंय?' हे वाक्य आबांच्या घशाशी आलं. शाळेच्या नाटकात जायचं म्हणाली तेव्हा ते हेच म्हणाले होते. सासरहून परतल्यावर शिलाईचा वर्ग लावते म्हणाली तेव्हाही हेच. वाक्य इतकं घोटलेलं होतं की आपसूक बाहेर पडायचं. आबांनी ते गिळलं. सहज गेलं नाही. कवळीखाली अडकलेल्या बीसारखं टोचत राहिलं.

"किती वाजता असतं ते?" त्यांनी विचारलं.

"काय?"

"कॉलेज."

"नऊ ते पाच," ती म्हणाली आणि केर काढायला लागली. मग तिच्या काय लक्षात आलं कुणास ठाऊक, झाडू भिंतीला टेकवून वर निघून गेली. अर्धवट केर तसाच पडला होता. शेवटी झाडू उचलला तो धाकट्याने. वारा आता कुठून वाहील, हे त्याला तेवढं कळत होतं.

दुसऱ्या दिवशी आबा सकाळीच खाली आले. बेबी कामाला लागली होती, खिडकीपाशी आबांच्या उंच स्टुलावर बसली होती. आज अकरा वर्षांत पहिल्यांदा ती दार वाजलं तरी उठायची नाही, असं तिच्या पाठीवरूनच दिसत होतं.

"मी सगळ्यांना सांगणार आहे," आबा म्हणाले. "येईल त्याला."

"कशाला? त्यांना चावता आलं की झालं."

"मला सांगायचंय."

"मग सांगा. तुम्हाला बरं वाटेल," ती म्हणाली, आणि 'तुम्हाला'वर तिने असा काही जोर दिला की आबा दुसरीकडे बघू लागले.

दहाच्या सुमाराला निवृत्त पोस्टमन आले. त्यांची खालची कवळी तयार होती. बेबीने ती पाण्यातून काढून दिली. पोस्टमननी घातली, दोन्ही गाल हलवले, भिंतीवरच्या आरशात डोकावले आणि आपल्याच चेहऱ्याला ओळख दिल्यासारखे हसले.

"व्वा! आबा, तुमच्या हाताला तोड नाही."

आबा उभे राहिले. घसा साफ केला. "हात माझा नाही. हिने केलीय. अकरा वर्षं सगळ्या हीच करतेय. मी नुसता बसतो."

पोस्टमनचे डोळे पाणावले. "काय बोलावं! एवढी कला अंगात, आणि श्रेय मात्र पोरीला. आजकाल कुठे बघायला मिळतो असा मोठेपणा?"

"अहो, मोठेपणा नाही. आजवर खोटं बोललो, आज खरं सांगतोय."

"ऐका, ऐका!" पोस्टमन अधिकच भारावले. "हेच ते. फळांनी लगडलेलं झाड वाकतं म्हणतात, ते असं."

"माझा हात थरथरतो हो! हा बघा!" आबांनी हात पुढे केला. तो भरपूर थरथरत होता.

पोस्टमननी तो दोन्ही हातांत घेतला आणि कपाळाला लावला. "कष्टाचा हात आहे आबा. थरथरणारच."

आबा हताशपणे बेबीकडे वळले. अठ्ठेचाळीस वर्षं त्यांनी बढाया मारल्या आणि लोकांनी त्या मुकाट गिळल्या. आज खरं सांगायला गेले, तर तेही बढाईच्या खात्यात जमा झालं.

"डावीकडे मागे टोचतंय ना?" बेबीने पोस्टमनना विचारलं.

"हो, किंचित. तुला कसं कळलं?"

"बोलताना ओठ ओढताय. द्या इकडे."

तिने कवळी चाकावर धरली. घर्रर्र आवाज आला, पांढरी भुकटी उडाली. धुऊन परत दिली. पोस्टमननी घातली, चावून पाहिलं आणि आनंदाने मान डोलावली. दारापर्यंत जाऊन ते परत फिरले आणि आबांना म्हणाले, "छान तयार केलंत हं पोरीला."

दार लागलं. प्लास्टरचा वास आणि सकाळचा उजेड तेवढा खोलीत उरला. आबा पोत्यावर बसले. पूर्वी इथे बेबी बसायची. इथून खिडकी दिसत नव्हती, फक्त खिडकीपाशी बसलेल्याची पाठ दिसत होती.

"बघितलंस?" आबा म्हणाले. "कुणी ऐकायलाच तयार नाही."

बेबीने पुढचं माप उचललं, उजेडासमोर धरून नीट पाहिलं.

"हं," ती म्हणाली. "अकरा वर्षं मीही तिथेच बसून हेच ऐकत होते."